हात दाखवून अवलक्षण

टॅटू काढायचं ठरलं की आपल्यापुढे प्रश्न किती असतात? मोजून तीन. काय काढायचं, किती दुखेल आणि आई काय म्हणेल. फार तर चौथा, एचआर काय म्हणेल. पण त्यावर उपाय सोपा असतो. फुल बाहीचा शर्ट, घड्याळाचा रुंद पट्टा, नाहीतर सरळ खांद्यामागे काढायचा. सोमवार ते शुक्रवार झाकलेला, शनिवारी रात्री उघडा! माझ्या घोट्यावर एक छोटंसं मोरपीस आहे. बूट घातले की दिसत नाही, कोल्हापुरी घातली की दिसतं. त्याचा आणि माझ्या करिअरचा इतकाच काय तो संबंध.

बारामतीजवळच्या कन्हेरीतल्या पोरांना मात्र पाचवा प्रश्न असतो. कुठे काढायचा? स्टुडिओ कुठला, असं नाही हं. अंगावर नेमका कुठे? कोपराच्या वर की खाली, हाताच्या आत की बाहेर, डावीकडे की उजवीकडे? याचं उत्तर चार बोटांनी चुकलं तर नोकरी जाते. तीही अजून लागलेली नसलेली.

कन्हेरी तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिलं असणार. निवडणूक आली की पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं जिथे फुटत आलाय, तो मारुती कन्हेरीचा. शेजारच्या काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, तेही तुम्ही कुठल्या तरी चॅनेलवर बघितलेलं असतं. एरवी या भागात काय? ऊस, दूध, बारामतीची एमआयडीसी आणि भरती. या शेवटच्या शब्दाला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. आपल्याकडे इंटरव्ह्यू असतो, ऑफर लेटर असतं. तिकडे ‘भरती’ असते. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर ट्रॅक पँट घातलेली पोरं (आणि आता पोरीही) पळताना दिसली की समजायचं, हे भरतीवाले. त्यांची सगळी भाषा वेगळी. सोळाशे किती मिनिटांत काढतोस? बीम किती होतात? ग्राउंड निघालं का? मेडिकलला काय झालं?

या शेवटच्या प्रश्नावर एक पोरगा गप्प बसला, म्हणून हा लेख.

त्याचं नाव मी लिहीत नाही. वय एकोणीस. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत. अग्निवीरच्या फिजिकलमध्ये एवढ्या वेळात पळलं की ६० मार्क आणि दहा बीम मारले की ४०. म्हणजे शंभरपैकी शंभर, आणि हा गडी बारा बीम मारतो. ऑनलाइन परीक्षा पास. उंची, छाती, वजन सगळं ओके. मग शर्ट काढायला सांगितला. उजव्या दंडावर कन्हेरीचा मारुती. हातात गदा, पाठीमागे शेपटीची कमान, शेंदरी-पिवळ्या रंगात झकास भरलेला.

“सतरा वर्षांचा होतो ताई,” तो मला म्हणाला. “भरतीला जायचं ठरवलं तवाच काढला. म्हटलं, मारुतीराया दंडावर असला की ताकद येईल.”

ताकद आली. नोकरी नाही आली.

आता नियम काय आहे तो ऐका, कारण गंमत तिथेच आहे. सैन्याच्या भरतीत कायमस्वरूपी टॅटू सरसकट बंद नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतून मनगटापर्यंत, चालतो. तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. बाकी अंगावर कुठेही असेल, दंड, छाती, पाठ, मान, पोटरी, तर बाद. जवानालाही हेच आणि खडकवासल्याला एनडीएत जाऊन अधिकारी होऊ पाहणाऱ्यालाही हेच. मुलींनाही हेच, बरं का. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी एनडीएत दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या १७ जणी पासआउट झाल्या. पुढच्या वेळी कोणाची बारावीतली भाची मानेवर फुलपाखरू काढायचं म्हणाली, तर ‘तुला एनडीए द्यायचीय का?’ एवढं आधी विचारून घ्या.

हे झालं सैन्याचं. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या केंद्रीय दलांचा नियम आणखी बारीक विणलेला आहे. तिथे टॅटूत काय आहे तेही बघतात. देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव असेल तर चालतं, कारण देश धर्मनिरपेक्ष आहे आणि लोकांच्या भावनांचा मान ठेवायचा आहे, असं नियमातच लिहिलंय. जागा? हाताची आतली बाजू, पण फक्त डाव्या हाताची. नाहीतर तळहाताची मागची बाजू. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान. आणि डावाच हात का? कारण उजव्याने सलाम ठोकतात. सलामीचा हात कोरा हवा!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं की एकच पोरगा दोन्हीकडे फॉर्म भरतो. सैन्यातही, सीआयएसएफलाही. समजा, त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘आई’ असं गोंदलेलं आहे. सैन्य म्हणेल, ये बाळा. सीआयएसएफ म्हणेल, जा बाळा. आई तीच, हात तोच, देशही तोच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा नियम लिहून ठेवलाय तर पोरं वाचत का नाहीत? मीही हाच प्रश्न विचारत फिरले. तर, नियम असतो भरतीच्या जाहिरातीत. जाहिरात निघते तेव्हा पोरगा साडेसतरा-अठराचा असतो. टॅटू निघालेला असतो सोळाव्या वर्षी, मित्राच्या वाढदिवसाला, नाहीतर जत्रेत. जाहिरातीतल्या पंधरा-वीस पानांत टॅटूच्या वाट्याला येतात चार-पाच ओळी. तुम्ही तुमच्या कंपनीची एचआर पॉलिसी शेवटपर्यंत वाचली आहे का? खरं सांगा.

जत्रेचं आलंच आहे तर सांगते. आपण शहरातले लोक टॅटू आणि गोंदण या दोन वेगळ्या गोष्टी समजतो. टॅटू म्हणजे एसी, पाठीमागे रॉक म्युझिक, ग्लव्ह्ज घातलेला पोनीटेलवाला आर्टिस्ट. गोंदण म्हणजे आजी. कन्हेरीत ही भिंत नाही. तिथे आजीच्या हातावर तुळस आहे, कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके आहेत. वडिलांच्या मनगटाजवळ जत्रेत मशिनीवर काढून घेतलेलं स्वतःचं नाव आहे, अक्षरं पसरून आता जेमतेम वाचता येणारं. पोराच्या दंडावर रंगीत मारुती आहे. सुई बदलली, घराणं तेच. त्या पोराच्या आजीने माझ्या घोट्यावरचं मोरपीस बघितलं आणि एकदम आपलेपणाने म्हणाली, “बरं केलंस गं बाई. सोनं-नाणं सगळं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं.” मेल्यावर बरोबर येणारा एकमेव दागिना म्हणजे गोंदण. ही समजूत आपल्याकडे फार जुनी. माझ्या आईला हे वाक्य पाठवून दिलंय, उत्तर आलेलं नाही.

आणि सैन्याचा नियम नीट वाचला तर कळतं की हे ज्याने कोणी लिहिलं त्याला गोंदण चांगलंच ठाऊक होतं. हाताची आतली बाजू आणि तळव्याची मागची बाजू, गावाकडे नावं आणि देव गोंदून घ्यायच्या जागा तर याच! केंद्रीय दलांच्या नियमात तर ‘पारंपरिक जागा’ असाच शब्द आहे. म्हणजे सरकारला आजोबांचं गोंदण मान्य आहे, नातवाचं नाही. आजोबांच्या काळी मनगट-कोपरापाशी काढत. नातू जिमला जातो, म्हणून त्याला दंड दाखवायचा असतो. सगळा घोटाळा बायसेप्सचा आहे.

अनुसूचित जमातींसाठी वेगळी सोय आहे. ज्यांच्यात परंपरेने चेहऱ्यावर, अंगावर गोंदतात, त्यांना एकेक प्रकरण बघून सूट मिळते. हे चांगलंच आहे. पण बारामती-इंदापूर पट्ट्यात धनगर समाज मोठा. गोंदणाची परंपरा त्यांच्यातही आहे, मात्र महाराष्ट्रात ते अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. यादीत घ्या म्हणून २०१४ मध्ये बारामतीतच केवढं मोठं आंदोलन झालं होतं ते आठवत असेल. तो वाद मी इथे सोडवणार नाही, माझ्या कॉलमला तेवढी जागा नाही! पण लहानपणी आजीने हौसेने हनुवटीवर ठिपका काढून घेतलेली एखादी धनगराची पोरगी उद्या भरतीला उभी राहिली, तर परंपरेची ही सूट तिच्यासाठी नाही, एवढं खरं.

मग सैन्याला टॅटूचं एवढं वावडं का? मी एका निवृत्त सुभेदारसाहेबांना विचारलं. बारामतीत अशी बरीच मंडळी आहेत, पोरांना भरतीसाठी तयार करणाऱ्या अकॅडम्या चालवतात. साहेबांनी आधी मला चहा दिला आणि मग बौद्धिक. युनिफॉर्म म्हणजे एकसारखं. जात, गाव, पक्ष, देव सगळं बराकीबाहेर. दंडावर काहीही चालतं म्हटलं, तर उद्या कोणी नेत्याचा चेहरा काढून येईल, कोणी जातीचं नाव, कोणी आणखी काही. आणि स्वस्तातल्या सुईने होणारे रोग वेगळेच. “आम्हाला जवान घ्यायचाय, भिंत नाही रंगवायची,” साहेब म्हणाले.

रोगाचा मुद्दा मला पटला. जत्रेत एकाच सुईने दहा हात गोंदले जात असतील तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही या दोन्हींचा धोका खराच असतो. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते उगाच नाही. नेत्यांच्या चेहऱ्यांचाही मुद्दा पटला. या तालुक्यात तर विशेषच!

पण रोग काय दंडावरच होतो आणि मनगटावर होत नाही? तिथे साहेब हसले आणि आणखी चहा मागवला.

मला जास्त खुपली ती दुसरी गोष्ट. हल्ली पुणे जिल्ह्यात कुठल्याही टॅटूवाल्याकडे जा, सगळ्यात जास्त चालणारं डिझाइन विचारा. शिवाजी महाराज. मुद्रा, जिरेटोप, राजमुद्रेतली अक्षरं, नुसतं ‘जगदंब’. दंडावर आणि छातीवर, कारण पायावर किंवा कमरेखाली काढणं म्हणजे अपमान, आणि मनगटावर महाराज मावत नाहीत. आता मराठा लाइट इन्फंट्रीचा युद्धघोष आठवा. बेळगावच्या त्या सेंटरमध्ये प्रत्येक जवान छाती फुगवून शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो. म्हणजे महाराजांचं नाव घेत लढणाऱ्या रेजिमेंटमध्ये जायचं स्वप्न आहे म्हणून पोरगा महाराज छातीवर काढतो आणि महाराज छातीवर आहेत म्हणून त्या रेजिमेंटच्या दारातूनच परत येतो. हे मी सुभेदारसाहेबांना म्हटलं. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “महाराज तोंडात पाहिजेत, अंगात पाहिजेत. अंगावर कशाला?” वाक्य जोरदार आहे. पण ते सोळाव्या वर्षी कोणीतरी सांगायला हवं होतं ना!

कोर्टात गेलेलेही आहेत. आपल्या शेजारचंच उदाहरण. सोलापूरच्या एका तरुणाने सीआयएसएफच्या कॉन्स्टेबल-ड्रायव्हरच्या भरतीत भाग घेतला. (सीआयएसएफ म्हणजे एअरपोर्टवर आधी आपल्या बोर्डिंग पासकडे आणि मग आपल्याकडे संशयाने बघणारे ते.) उजव्या हातावर धार्मिक चिन्हाचा टॅटू. अनफिट! त्याने लेझरने तो बहुतेक पुसूनही टाकला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. धार्मिक भावनेतून काढलेला टॅटू, कामाच्या आड न येणारा, त्यासाठी नोकरी नाकारू नका, असा त्याचा मथितार्थ. पेपरात बातमी आली तेव्हा किती पोरांनी हुश्श केलं असेल!

पण थांबा. महिनाभरात, जानेवारी २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने उलट दिशेने निकाल दिला. तिथे उमेदवार हवाई दलाचा होता, टॅटू हाताच्या आतल्याऐवजी बाहेरच्या बाजूला होता. निवड झाली होती, हजर व्हायला बोलावलंही होतं, आणि तिथे गेल्यावर सगळं रद्द झालं. कोर्ट म्हणालं, हवाई दलाचं बरोबर आहे. आत आणि बाहेर, यात अंतर किती? हात फिरवला की संपलं! पण नियमाला हात फिरवता येत नाही. मग २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयापुढे उजव्या हाताच्या मागच्या बाजूला टॅटू असलेला एक जण आला. सलामीचा हात! टॅटू काढून टाकायची त्याची तयारी होती. कोर्टाने सांगितलं, काढ आणि नव्या मेडिकल बोर्डापुढे उभा राहा. तेव्हा कोर्टातून सरसकट उत्तर मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये. दल कुठलं, हात कुठला, टॅटू कशाचा, पुसायची तयारी आहे का, यावर सगळं अवलंबून. आणि कोर्टात जायला वकील लागतो, दिवस लागतात. अग्निवीरचं दार साडेसतराला उघडतं आणि एकवीस-बाविशीला बंद होतं. खटल्याची तारीख पडेपर्यंत वाढदिवस होऊन जातो.

बाहेरच्या जगात काय चाललंय? अमेरिकेच्या सैन्याने २०१४ मध्ये टॅटूचे नियम जाम आवळले होते. कोपराखाली, गुडघ्याखाली किती आणि केवढे, सगळं मोजून. वर्षभरातच सैल सोडले, कारण भरतीला चांगली पोरं मिळेनात. २०२१ मध्ये मरीन्सनी अख्खा हातभर टॅटूला परवानगी दिली. २०२२ मध्ये अमेरिकन आर्मीने हातावर आणि मानेमागेही छोटा टॅटू चालेल असं जाहीर केलं. ब्रिटिश आर्मीने तर हात आणि मानेमागची जागा २०१४ मध्येच मोकळी केली होती. म्हणजे नियमाचा संबंध शिस्तीइतकाच रांगेशी आहे. रांग छोटी झाली की शिस्त सैल होते. आपल्याकडे रांग कन्हेरीपासून बेळगावपर्यंत आहे, आपण कशाला सैल सोडू? एका टॅटूवाल्याला बाद केलं तर मागे शंभर कोरे दंड उभे आहेत. हे मला कोणा अधिकाऱ्याने सांगितलेलं नाही, माझा आपला अंदाज. पण अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आणि त्यातल्या २५ टक्क्यांनाच पुढे कायम, असं २०२२ मध्ये जाहीर झाल्यावरही ती रांग तुटली नाही, यावरून काय ते समजा.

ब्रिटिशांवरून आठवलं. ज्याच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभारलं, तो पंचम जॉर्ज राजा तरुणपणी नौदलात होता. तेव्हा जपानला गेला असताना त्याने हातावर चक्क ड्रॅगन काढून घेतला होता! हिंदुस्थानचा बादशहा. आजच्या सीआयएसएफच्या मेडिकलला बहुधा बाद. ड्रॅगन कुठल्या धर्मात बसवणार? आणि सैफने हातावर देवनागरीत ‘करीना’ काढून घेतलं होतं ते आठवतंय? नावाला परवानगी आहे म्हणे. हात कुठला होता, ते तुम्ही गुगल करा.

असो. कन्हेरीच्या पोराकडे येते.

त्याने पहिल्यांदा काय केलं माहितीये? काहीच नाही. घरी सांगितलंच नाही. मेडिकलला काहीतरी निघालं, एवढंच म्हणाला. आठ दिवस पहाटे पळायला जायचा, म्हणजे निघायचा आणि कॅनॉलवर बसून यायचा. मित्रांनी उपाय सुचवले. कोणी म्हणालं चुना लाव, कोणी म्हणालं मिठाने घास, एकाने बॅटरीतलं पाणी सांगितलं. (अॅसिड! कृपा करून असलं काही करू नका. टॅटू जात नाही, कातडी जाते. आणि भाजल्याच्या डागाबद्दलही मेडिकलला प्रश्न विचारतातच.) शेवटी अकॅडमीतल्या सरांनी घरी फोन केला, तेव्हा घरच्यांना कळलं.

मग लेझर. पुण्यात माझ्या ओळखीची एक स्किन स्पेशालिस्ट आहे. तिच्याकडे येणाऱ्यांत पूर्वी एक्स-बॉयफ्रेंडचं नाव पुसायला येणाऱ्या मुली जास्त असायच्या, आता भरतीवाले पोरगे वाढलेत. लेझरचं तंत्र तिने मला सोपं करून सांगितलं. प्रकाशाचा अगदी क्षणभराचा झटका शाईच्या कणांवर बसतो, ते फुटून बारीक होतात आणि मग आपलं शरीरच हळूहळू त्यांना वाहून नेतं. म्हणून घाई करून चालत नाही. दोन सेशनमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात. काळी शाई लवकर जाते, पिवळा आणि हिरवा चिवट. आणि इतकं करून सावली राहणार नाही याची खात्री कोणी देत नाही. “सहा सेशन म्हटलं की त्यांचा चेहरा बघवत नाही,” ती म्हणाली. “ते दिवस मोजायला लागतात. मी त्वचेकडे बघत असते, ते कॅलेंडरकडे.”

पैशांचा हिशेबही बसवून बघा. मारुती काढायला तीन हजार लागले होते, मोबाइलच्या हप्त्यांतून वाचवलेले. पुसायच्या एका सेशनलाच त्याहून जास्त. असे सहा. वडिलांनी उसाच्या बिलातून द्यायचं कबूल केलं.

अडचण पैशांची नव्हती. आईची होती. आपल्याला वाटतं टॅटू पुसायचा म्हणजे शाई पुसायची. त्या घरात तो मारुती होता. देव पुसायचा कसा? ब्रेकअपनंतर ‘रिया’ पुसणं वेगळं आणि हे वेगळं. आई तीन दिवस नीट बोलली नाही. आजीचं म्हणणं, मेल्यावर संगं यायचंय ते गोंदण जाळायचं म्हणजे काय? शेवटी वडिलांनी तोडगा काढला. शनिवारी सगळे देवळात गेले, मारुतीला तेल घातलं, नारळ फोडला आणि त्यालाच सांगितलं की बाबा, तुझ्या पोराला फौजेत जायचंय, तेवढा दंडावरून उतर. राग मानू नकोस.

आता बारामतीतल्या एका टॅटूवाल्याकडे मी स्वतः पाहिलं. पंचविशीच्या आतला पोरगा आला की खुर्चीत बसवायच्या आधी तो विचारतो, “भरती करतोस का?” हो म्हटलं की डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने एक छोटा चौकोन आखतो. “यात काय मावेल ते सांग.” निम्मी गिऱ्हाइकं उठून जातात, असं तो म्हणाला. तरी विचारतो, कारण त्याचा सख्खा चुलतभाऊ छातीवरच्या वाघामुळे बाद झालाय. वाघ यानेच काढला होता.

कन्हेरीच्या मारुतीची चार सेशन झाली आहेत. गदा गेली, मुकुट गेला, चेहरा आता ओळखू येत नाही. पोरगा पुन्हा रोज पहाटे पळतोय, या वेळी खरोखर. परवा मी फोन केला, म्हटलं, किती राहिलंय?

“शेपटीच जाईना ताई,” तो म्हणाला. “पिवळ्या रंगाची हाय ना. डॉक्टरबाई म्हणतात अजून दोन तरी लागतील.”